ग्रीन डेचा 'डूकी' अस्सल की उचललेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, आणि तेव्हापासून 'डूकी'बद्दल मला येणाऱ्या प्रश्नांचा ओघ आटलेला नाही. काहींनी हा अल्बम तीस वर्षं जपलाय, काहींनी तो गेल्या महिन्यात पहिल्यांदा ऐकलाय. दोघांच्याही प्रश्नांत एक शंका हमखास असते: हे खरंच यांचं स्वतःचं आहे का? सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे तो प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. 'डूकी' कोणाचा, कधीचा? थोडक्यात सांगा.

ग्रीन डे म्हणजे तिघं जण. बिली जो आर्मस्ट्राँग गिटार वाजवतो आणि गातो, माइक डर्न्ट बास वाजवतो, ट्रे कूल ड्रम्सवर असतो. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचा जो ईस्ट बे भाग, तिथली ही मंडळी. बिली जो आणि माइक वयाच्या दहाव्या वर्षापासूनचे दोस्त. पहिले दोन अल्बम लुकआउट या छोट्या स्थानिक कंपनीने काढले. तिसरा 'डूकी' १ फेब्रुवारी १९९४ ला रिप्राइझ या मोठ्या कंपनीकडून आला. बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, निर्माता रॉब कव्हालो. चौदा गाणी आणि शेवटी लपवलेलं एक, सगळं मिळून सुमारे चाळीस मिनिटं. तेव्हा बिली जो एकवीस वर्षांचा होता.

अमेरिकेत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं, १९९९ पर्यंत तिथे एक कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याची नोंद केली.

२. नावाचा अर्थ काय? मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

शी. लहान मुलं वापरतात तसा शब्द. दौऱ्यावर मिळेल ते खाऊन बँडची पोटं बिघडायची, त्यावरून आधी 'पातळ शी' अशा अर्थाचं नाव ठरत होतं. ते फारच किळसवाणं वाटल्याने पहिला शब्द गाळला. मुलाला बिनधास्त सांगा.

३. 'डूकी'ला पॉप-पंक म्हणतात, पण हा प्रकार मुळात काय आहे? पंक म्हणजे बंड आणि पॉप म्हणजे बाजार, मग दोन्ही एकत्र कसं?

पंक म्हणजे नुसतं बंड आणि पॉप म्हणजे नुसता बाजार, ही वाटणीच मला मान्य नाही. पॉप म्हणजे एकदा ऐकल्यावर गुणगुणता येईल अशी चाल. पंकमधून येतो तो वेग, तीन-चार कॉर्ड्स (एकत्र वाजवलेले सूर), करकरीत गिटार आणि दोन-अडीच मिनिटांत गाणं आटपण्याची शिस्त. हे दोन्ही पहिल्यापासून एकमेकांत मिसळलेलं आहे. रामोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा. त्यात साठच्या दशकातल्या साध्यासोप्या प्रेमगीतांचं वळण स्पष्ट ऐकू येतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सने १९७८ च्या सुमारास भांडण आणि प्रेमभंग अशा गोड चालीत बांधले की ऐकताना हसू येतं आणि गलबलूनही येतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डिसेंडंट्सने १९८२ मध्ये हाच मसाला दुप्पट वेगाने वाढला. 'डूकी' या ताटात बराच उशिरा आला, आणि पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

४. रामोन्स, बझकॉक्स ऐकल्यावर वाटतं की ग्रीन डेने सगळं ढापलंय. खोटं आहे का हे?

मला सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच. विचारणारा बहुतेक वेळा नुकताच बझकॉक्सच्या प्रेमात पडलेला असतो. त्याचा राग मला समजतो. ज्यांनी वाट पाडली त्यांना ना पैसा मिळाला ना नाव, आणि सोळा वर्षांनी आलेल्या तिघांनी कोट्यवधी प्रती विकल्या.

पण ढापणं आणि वारसा घेणं यांत फरक आहे, आणि तो कानांनी तपासता येतो. ढापलेल्या गाण्यात एका ठरावीक गाण्याची ठरावीक ओळ बोट ठेवून दाखवता येते. 'डूकी'मधल्या एकाही गाण्याबाबत मला तसं बोट ठेवता आलेलं नाही, आणि मी ते वर्षानुवर्षं शोधलंय. सापडतं ते वळण. रामोन्सचा अखंड खालच्या दिशेने मारलेला गिटारचा हात, बझकॉक्सचं रडवेलं चिडणं, आणि हस्कर डू या मिनेसोटाच्या त्रिकुटाकडून आलेलं, गोंगाटाच्या पोटात चाल दडवण्याचं कसब. ग्रीन डेने हे कधी लपवलंही नाही. सुरुवातीच्या काळात त्यांनी ऑपरेशन आयव्ही या, बर्कलीतल्या गिलमन या त्यांच्याच अड्ड्यावरच्या (प्रश्न ९) बँडचं गाणं त्यांच्या नावानिशी गाऊन रेकॉर्ड केलं होतं.

हस्कर डूने मोठ्या कंपनीचा रस्ताही आधीच चोखाळला होता, १९८६ मध्ये, वॉर्नरकडे. त्यामुळे 'मोठ्या कंपनीत गेलेलं पहिलं सुरेल पंक त्रिकूट' हा मानही ग्रीन डेचा नाही. चाहत्यांनी तो दावा सोडावा. सोडल्याने अल्बमचं काही बिघडत नाही.

५. 'बास्केट केस' म्हणजे पाखेलबेलचा कॅननच ना? कीबोर्डच्या क्लासला सरांनी वाजवून दाखवलं.

सरांचं बरोबर आहे, आणि हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. पाखेलबेल हा जुना जर्मन संगीतकार. त्याच्या 'कॅनन' या रचनेत आठ कॉर्ड्सचा फेरा आहे (आकडा म्हणजे कॉर्ड सप्तकातल्या कितव्या सुरावरची ते): पहिली, पाचवी, सहावी, तिसरी, चौथी, पहिली, चौथी, पाचवी. 'बास्केट केस'च्या कडव्यात फेरा असा जातो: पहिली, पाचवी, सहावी, तिसरी, चौथी, पहिली, पाचवी, पाचवी. म्हणजे आठांपैकी फक्त सातवं घर वेगळं. कीबोर्डवर वाजवायचं असेल तर ई फ्लॅटपासून सुरू करा, बँड गिटार अर्धा सूर उतरवून वाजवतो.

मग चोरी झाली का? नाही. पाखेलबेल १७०६ मध्ये गेला आणि त्याच्या या फेऱ्यावर तेव्हापासून असंख्य गाणी उभी राहिली आहेत. कॉर्ड्सचा फेरा म्हणजे घराचा पाया. त्यावर कोण काय बांधतो, चाल कुठे वर चढते, शब्द कुठे आदळतात, ते ज्याचं त्याचं. 'बास्केट केस' सुरू होतं तेव्हा फक्त गळा आणि तळहाताने तारा दाबून वाजवलेली गिटार असते. जणू कोणी बंद खोलीत स्वतःशीच बडबडतंय. ड्रम्स थांबून राहतात, आणि येतात तेव्हा दार लाथेने उघडल्यासारखे येतात. बिली जोला पॅनिक अटॅक यायचे आणि गाणं त्याच्याबद्दल आहे, हे कळल्यावर ही रचना आणखी नेमकी वाटते. छातीत धडधड सुरू होते आणि मग ती आवरत नाही, तसंच हे गाणं चालतं. कॅनन ऐकताना असं कोणाला होत नाही.

६. ठीक आहे, चोरी नाही. पण मग यात नवीन काय आहे?

माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही सारख्या तोलाच्या नाहीत.

पहिली माइक डर्न्टचा बास. त्याआधीच्या बहुतेक पंक गाण्यांत बास गिटारच्या मागे मुकाट चालतो. इथे तो चाल सांगतो. 'लाँगव्ह्यू' लावा. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच, ट्रे कूल टॉम या घुमणाऱ्या ड्रमवर झुलता ठेका धरतो आणि बास एकटा आळोखेपिळोखे देत हिंडतो. सोफ्यावर लोळून कंटाळलेल्या मुलाचं गाणं आहे, आणि तो कंटाळा शब्दांच्या आधी बासमध्येच कळतो. ध्रुवपदात गिटार तुटून पडते तेव्हा कुठे तो मुलगा उठून बसतो. मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टू-इन-वनशेजारी ठेवलेला स्टीलचा पेला त्या बासने झणझणायला लागला होता. मी पेला उचलला नाही, गाणं रिवाइंड केलं. 'शी' (इंग्रजी She, म्हणजे 'ती') हे गाणंही असंच आवाज आणि बासवर उभं राहतं, गिटार मागून येते. तिघांच्या बँडमध्ये एकेकाला एवढी जागा असते, ती या लोकांनी पुरेपूर वापरली.

दुसरी गोष्ट, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते, ती म्हणजे शब्दांतली माणसं. लंडनच्या पंकने राणीवर, सरकारवर, नोकरी नसण्यावर गाणी केली. 'डूकी'तला मुलगा स्वतःच्या डोक्यात अडकलाय. त्याला कंटाळा येतो, धास्ती वाटते, तो आळशी आहे, आणि हे सगळं तो दडवत नाही. 'बास्केट केस'मध्ये तो आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, ती बाई आहे. मग वेश्येकडे जातो, आणि त्या ओळीत सर्वनाम पुरुषाचं आहे. १९९४ मध्ये रेडिओवर दिवसभर वाजणाऱ्या गाण्यात हे होतं, आणि बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही. 'कमिंग क्लीन' तर एका सतरा वर्षांच्या मुलाचं आपल्या लैंगिकतेशी पहिलं मोकळं बोलणं आहे. बिली जो स्वतः उभयलैंगिक (बायसेक्शुअल) असल्याचं उघडपणे सांगत आला आहे. दीड मिनिटाचं गाणं, त्यात कुठे घोषणा नाही की झेंडा नाही. माझ्या ओळखीच्या एकाने हे गाणं अर्थ न कळता कॉलेजभर गायलं आणि अर्थ कळल्यावर एका रात्री आईशी बोलला. त्याच्याकडे मौलिकतेचा वाद न्यायची माझी हिंमत नाही.

तिसरी गोष्ट ध्वनी. त्याबद्दल प्रश्न १० पाहा, कारण त्याचं श्रेय कोणाला हा वेगळा वाद आहे.

७. सगळी गाणी एकसारखी वाटतात. मला एकट्यालाच का?

नाही, पुष्कळांना वाटतात. वेग, गिटारचा पोत आणि गळा सलग तोच आहे, त्यामुळे कामं करता करता लावलं तर चाळीस मिनिटांचं एकच गाणं वाटू शकतं. 'पुलिंग टीथ' मुद्दाम ऐका. ते संथ आहे, दोन आवाजांची गोड हार्मनी आहे, आणि शब्दांत बायकोच्या जागी मार खाणारा पुरुष आहे. 'चंप'चा शेवट लांबत लांबत थेट 'लाँगव्ह्यू'त कसा उतरतो ते पाहा. 'एफ. ओ. डी.' अर्ध्यापर्यंत साध्या अकूस्टिक गिटारवर आहे.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, उत्तरार्धात 'सॅसफ्रास रूट्स' आणि 'इन द एंड' मला भरतीची वाटतात. ईस्ट बेच्या कुठल्याही बऱ्या बँडने ती केली असती.

८. 'वेलकम टू पॅराडाइज' आधीच्या अल्बममध्येही आहे. नवीन गाणी कमी पडली म्हणून जुनं घुसडलं का?

'करप्लंक'मध्ये ते आहे, हो. वेस्ट ओकलंडमधल्या एका पडक्या गोदामात राहतानाच्या दिवसांचं हे गाणं आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. जुन्यात भीती आहे. नव्यात मधल्या भागातला बासचा काळवंडलेला तुकडा आणि त्यावरून गाणं पुन्हा उसळी घेतं ती जागा इतकी करकचून बसली आहे की मला नवंच पूर्ण वाटतं. आपलीच चीज पुन्हा मांडणं म्हणजे पुनरावृत्ती, असं मैफल ऐकणाऱ्यांना तरी वाटू नये.

९. गिलमनमधून त्यांना हाकललं होतं ना? मग ते पंक कसले?

बर्कलीतलं ९२४ गिलमन स्ट्रीट हे १९८६ च्या शेवटी सुरू झालेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं ठिकाण. दारू नाही, वयाची अट नाही, आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मंच नाही. ग्रीन डेने १९९३ मध्ये रिप्राइझशी करार केला आणि नियम त्यांनाही लागू झाला. खास त्यांच्यासाठी केलेली शिक्षा नव्हती ती. पण ज्या भिंतींत ते वाढले तिथेच त्यांना दार बंद झालं, हे दुखणं खरं होतं. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते तिथे पुन्हा वाजवू शकले.

इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. 'ते विकले गेले का' हा निष्ठेचा प्रश्न, 'त्यांचं गाणं स्वतःचं आहे का' हा कलेचा. पहिल्याचं उत्तर हो दिलं तरी दुसऱ्याचं आपोआप नाही होत नाही. मला गिलमनचा नियमही बरोबर वाटतो आणि ग्रीन डेचा निर्णयही. मुखपृष्ठ पाहा: रिची बुचरने काढलेल्या चित्रात बर्कलीच्या टेलिग्राफ अव्हेन्यूवर बॉम्ब पडताहेत. घर सोडतानाही घराचंच चित्र कव्हरवर लावलं.

१०. हा ध्वनी कंपनीच्या पैशाने आणि निर्मात्याने घडवला, बँडने नाही. बरोबर?

अर्धं बरोबर. रॉब कव्हालोने गिटार जाड आणि स्वच्छ केली, गळा पुढे आणला. पहिलं मिक्सिंग बँडला पटलं नाही, म्हणून ते जेरी फिनकडून पुन्हा करून घेतलं. तेच आपण ऐकतो. श्रेय या दोघांना द्यायलाच हवं.

पण २०२३ मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने आलेल्या संचात अल्बमच्या रेकॉर्डिंगआधीचे चार ट्रॅकवरचे घरगुती डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग्ज आहेत. त्यांत चाली, थांबे, बासच्या जागा मोठ्या प्रमाणात आधीच ठरलेल्या ऐकू येतात. स्टुडिओने घासूनपुसून चकाकी आणली, हाडं बँडची. आणि गिटार तरी कुठली? बिली जोला लहानपणी आईने घेऊन दिलेली निळी फर्नांडिस, अंगभर स्टिकर चिकटवलेली.

११. कॅलिफोर्नियाचा मुलगा ब्रिटिश उच्चारात का गातो? मला ते खोटं वाटतं.

ही तक्रार मी खोडून काढणार नाही. ज्यांचे अल्बम ऐकून तो गायला शिकला त्यांतले बरेच इंग्लंडचे होते आणि तो हेल गळ्यात बसला. नवखा गायक गुरूचा गळा उचलतो, तसंच. अल्बमवर उसनेपणाचा शिक्का मारायचाच असेल तर माझ्या मते तो इथे बसेल, कॉर्ड्सवर नाही.

१२. ओएसिसच्या 'वंडरवॉल'ची नक्कल केल्याचा आरोप याच अल्बमवर आहे का?

नाही. तो आरोप 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स'वर आहे, म्हणजे दहा वर्षांनंतरच्या, २००४ च्या 'अमेरिकन इडियट'वर. ओएसिसच्या नोएल गॅलाघरने तो जाहीरपणे केला होता. २००० सालच्या 'वॉर्निंग' या गाण्याचं किंक्सच्या एका जुन्या गाण्याशी असलेलं साम्यही लोक दाखवतात, आणि ते मलाही स्पष्ट ऐकू येतं. दोन्हींची शिक्षा 'डूकी'ला देऊ नका.

१३. ब्लिंक-१८२ जास्त अस्सल की ग्रीन डे?

ब्लिंकही त्रिकूटच. त्यांचा गाजलेला अल्बम १९९९ चा, आणि त्याचा निर्माता तोच जेरी फिन (प्रश्न १०). ट्रॅव्हिस बार्करचे ड्रम्स पूर्णपणे त्याचे स्वतःचे आहेत. पण त्या अल्बमसाठी रेडिओचं दार ज्यांनी उघडलं, ते 'डूकी'वाले. मी ग्रीन डेच्या बाजूचा आहे, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

१४. आपल्या संगीतात उसनी चाल घेतली तर चालते, मग यांनाच का धारेवर धरायचं?

हा प्रश्न पुण्याच्या एका वाचकाने पाठवला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून छापील संगीत नाटकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून मूळ गाण्याचे बोल देण्याची रीत होती. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधली. ती पदं बालगंधर्वांची झाली ती गळ्यामुळे, जागांमुळे. कोणी चोरी म्हटलं नाही, कारण मूळ चाल पानावरच लिहिलेली होती.

पॉप संगीतात 'चाल' लिहिण्याची ती ओळ नसते, म्हणून संशय राहतो. पण एक फरक विसरू नका. नाट्यपदात अख्खी चाल उसनी असायची, 'डूकी'त फक्त कॉर्ड्सचा फेरा आणि वळण उसनं आहे. आपल्या मोजपट्टीने तर ग्रीन डेवर आरोपच उभा राहत नाही.

१५. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला ऐकू द्यावा का?

शब्द आधी स्वतः वाचा. 'लाँगव्ह्यू'त हस्तमैथुन आणि गांजा उघडपणे आहेत, शिव्या बऱ्याच आहेत. 'हॅविंग अ ब्लास्ट'मध्ये अंगावर स्फोटकं बांधलेल्या माणसाचा राग आहे. मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं गाणं तेच. मी असतो तर सोबत बसून ऐकलं असतं. घाबरटपणाबद्दल, धडधडीबद्दल मुलं एरवी बोलत नाहीत, 'बास्केट केस'नंतर कधीकधी बोलतात.

१६. पहिल्यांदा ऐकायचा तर कोणती आवृत्ती, कुठून सुरुवात?

मूळ चौदा गाणी, त्याच क्रमाने. मोठे संच नंतर. मोबाईलच्या स्पीकरवर नको, बास गायब होईल आणि अर्धा अल्बम हातून जाईल. 'एफ. ओ. डी.' संपल्यावर बंद करू नका. थोडी शांतता जाऊ द्या, मग ट्रे कूल एकटाच गिटार घेऊन, चोरट्या आवाजात, एक बालिश गाणं म्हणतो.